खुनी पहिल्याच मिनिटाला दिसतो: ‘व्हाइल द सिटी स्लीप्स’ पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

१९५६ सालचा हा अमेरिकी चित्रपट जुन्या गुन्हेपटांच्या याद्यांमध्ये हमखास सापडतो. वर्णनात लिहिलेलं असतं की पत्रकार एका मारेकऱ्याचा माग काढतात. आपण हौसेनं लावतो, आणि अर्ध्या तासानं प्रश्न पडतो की माग काढतंय कोण? पडद्यावर चांगल्या कपड्यातली माणसं कचेरीत बसून एकमेकांचे पाय ओढतायत, दुपारपासून दारू पितायत, दुसऱ्याच्या बायकोशी सूत जुळवतायत. मारेकऱ्याची काळजी कुणालाच दिसत नाही.

हे निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि दिग्दर्शक फ्रिट्झ लँगला नेमकं तेच दाखवायचं होतं. ते आधी माहीत असलं की हा चित्रपट धमाल आहे. माहीत नसलं तर कंटाळवाणा. म्हणून नवख्यांसाठी ही वाट आखून देतोय. कृष्णधवल हॉलीवूड कधीच पाहिलं नसेल तरी चालेल.

पायरी १: रहस्यपट पाहायला बसू नका

खुनी कोण, हे नामावली सुरू होण्याआधीच दिसतं. औषधाच्या दुकानातून सामान पोहोचवायला आलेला एक तरुण न्यूयॉर्कमधल्या एका मुलीच्या घरात शिरतो, ती किंचाळते आणि मग चित्रपटाचं नाव येतं. भिंतीवर लिपस्टिकनं लिहिलेलं असतं, ‘आईला विचारा’. म्हणजे डोकं लढवून खुनी ओळखायचा खेळ इथं नाहीच. ‘आपणच ओळखणार’ म्हणून बसणाऱ्या मित्राला वेगळा चित्रपट लावून द्या.

‘फिल्म नॉयर’ (अंधाऱ्या, कडवट अमेरिकी गुन्हेपटांचा प्रकार) हा शब्द ऐकून येणाऱ्यांनी आणखी एक अपेक्षा घरी ठेवावी. पावसात चमकणारे रस्ते, पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या, टोपीखाली लपलेले चेहरे, असलं इथं जवळजवळ नाही. छायालेखक अर्नेस्ट लॅझ्लोनं कचेरी लखलखीत उजेडात ठेवली आहे. सगळं सपाट, स्वच्छ, सरकारी फायलीसारखं. लँगकडे पैसे नव्हते म्हणून असं झालं, असं म्हणणारे भेटतात. बजेट लहान होतं हे मान्य, पण ज्या कचेरीत काहीही लपत नाही आणि तरी सगळे काहीतरी लपवतायत, तिला हाच उजेड शोभतो असं मला वाटतं.

पायरी २: प्रत नीट निवडा

लांबी साधारण १०० मिनिटं. संवाद भराभर आणि एकमेकांवर चढून येतात, तेव्हा इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी उपशीर्षकं चालू ठेवा. मराठी उपशीर्षकांची आशा धरू नका.

चित्राचा आकार मात्र तपासा. काही प्रतींमध्ये चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी दिसतं, काहींमध्ये उंचीच्या दुप्पट रुंद. त्या काळी आरकेओ ही कंपनी ‘सुपरस्कोप’ नावाचं तंत्र वापरत असे. चित्रण साध्या चौकटीत करायचं आणि नंतर वरखाली कापून ते रुंद करायचं, अशी त्याची पद्धत. मला रुंद प्रत आवडते, कारण कचेरीतल्या काचा आणि त्यांच्यापलीकडची माणसं एका ओळीत येतात. चौकोनी मिळाली तरी बिघडत नाही. पण चौकोनी चित्र ताणून रुंद केलेली प्रत दिसली, तर ती बंद करा.

कथानकाचा सारांश आधी वाचू नका. खुनी ठाऊक असला तरी कचेरीतली मोठी खुर्ची कुणाला मिळते, हे ठाऊक नसावं.

पायरी ३: कागद घ्या आणि कचेरीचा नकाशा काढा

हे खरंच करा. पहिल्या वीस मिनिटांत इतकी माणसं येतात की नवखा हमखास गोंधळतो, आणि इथं गोंधळलं की संपलं.

सगळ्यात वर अमोस काइन, बातम्यांच्या साम्राज्याचा म्हातारा मालक. मरायला टेकलाय, पण त्याचा पलंग कचेरीतच मांडलाय. त्याच्याखाली त्याचा मुलगा वॉल्टर, ज्याला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही आणि बापानं आपल्याला कधी मोजलं नाही हा ज्याचा सल आहे. वॉल्टरच्या शेजारी त्याची बायको डोरोथी लिहा आणि तिच्या नावापुढे थोडी जागा मोकळी सोडा. लागेल.

आता खाली तीन रकाने पाडा. ‘न्यूयॉर्क सेंटिनेल’ या वर्तमानपत्राचा संपादक जॉन डे ग्रिफिथ. तारेनं देशभर बातम्या पुरवणाऱ्या वृत्तसेवेचा प्रमुख मार्क लव्हिंग. छायाचित्रांच्या विभागाचा प्रमुख हॅरी क्रिट्झर, ज्याला सगळे ‘प्रामाणिक हॅरी’ म्हणतात. अशी टोपणनावं कुणाला पडतात ते आपल्याला माहीत आहेच.

या तिघांच्या बाहेर, पण सगळ्यांना हवा असलेला चौथा माणूस म्हणजे एडवर्ड मोब्ली. तो कंपनीच्या टीव्हीवर बातम्यांवर भाष्य करतो, पुस्तकं लिहितो, आणि आपल्याला पदबिद नको असं सांगत फिरतो. नॅन्सी लिगेट ही लव्हिंगची सेक्रेटरी, आणि मोब्लीचं तिच्यावर मन आहे. मिल्ड्रेड डॉनर ही स्तंभलेखिका, तिचं सूत लव्हिंगशी. पोलिसांतला लेफ्टनंट कॉफमन हा मोब्लीचा मित्र. रेघा ओढून बघा. प्रत्येकाची रेघ दुसऱ्या कुणाच्या तरी विभागात शिरते. चित्रपटाचं यंत्र चालतं ते या तिरप्या रेघांवर.

अमोस मरण्यापूर्वी एक काम करून जातो. त्या मुलीच्या खुनाची बातमी आपल्या माणसांनी साधी म्हणून घेतली, यावरून तो त्यांना झापतो. या मारेकऱ्याला नाव द्या, ‘लिपस्टिक किलर’ म्हणा. लिपस्टिक लावताना देशातल्या प्रत्येक बाईला धडकी भरली पाहिजे. मरणाऱ्या माणसाच्या तोंडी ही बातमीची व्याख्या आहे. मग तो जातो, वॉल्टर खुर्चीत बसतो आणि एक नवं पद निर्माण करतो, कार्यकारी संचालकाचं. तिघांपैकी जो या मारेकऱ्याची बातमी आणेल, पद त्याचं. वॉल्टरला काम करायचं नाही, फक्त बापाच्या माणसांना नाचताना पाहायचं आहे.

इथं एकदा थांबवा आणि तुमचा कागद पडताळून बघा.

पायरी ४: चेहरे ओळखा

जुन्या चित्रपटात नवख्याला सगळे पुरुष एकसारखे दिसतात, कारण सगळे सुटाबुटात असतात. त्यावर उपाय म्हणजे नटांची ओळख. या चित्रपटात ती करून देणं सोपं आहे, कारण यातले बरेचजण तुम्हाला दुसरीकडून माहीत आहेत.

वॉल्टर म्हणजे व्हिन्सेंट प्राइस. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ गाण्याच्या शेवटी जो भयानक आवाज बोलतो आणि हसतो, तो याचाच. लव्हिंग म्हणजे जॉर्ज सँडर्स, १९६७च्या डिस्नेच्या ‘जंगल बुक’मधला शेरखानचा आवाज. एकदा ते कळलं की लव्हिंग गोड बोलायला लागला की अंगावर काटा येतो. ग्रिफिथ म्हणजे थॉमस मिचेल, ‘गॉन विथ द विंड’मधले नायिकेचे वडील. खुनी तरुण म्हणजे जॉन बॅरिमोर ज्युनियर, अभिनेत्री ड्रू बॅरिमोरचे वडील. खुन्याच्या आईच्या भूमिकेत मे मार्श आहे, मूकपटांच्या काळातली मोठी तारका. इथं तिला दोनचार वाक्यांपलीकडे काही नाही.

मिल्ड्रेड साकारणाऱ्या आयडा लुपिनोकडे खास लक्ष द्या. त्या काळात हॉलीवूडमध्ये चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या, आणि ही त्यातली एक. १९५३ साली तिनं ‘द हिच-हायकर’ नावाचा कडक गुन्हेपट केला होता. नॅन्सी झालेल्या सॅली फॉरेस्टला मोठी भूमिका पहिल्यांदा दिली तीही लुपिनोनंच, आणि इथला पोलीस अधिकारी हॉवर्ड डफ हा त्या वेळी लुपिनोचा नवरा. पडद्यावरच्या तिरप्या रेघा पडद्याबाहेरही होत्या म्हणायच्या.

मोब्ली म्हणजे डॅना अँड्र्यूज. बोलताना जीभ किंचित जड, डोळ्यांखाली सूज, आणि दारू प्यायल्याचे प्रसंग जरा जास्तच खरे. अँड्र्यूजला खरोखर दारूचं व्यसन होतं. पुढे ते सुटल्यावर त्यानं ते लपवलं नाही. १९७२ साली दारू पिऊन गाडी चालवू नका असं सांगणाऱ्या जाहिरातीतही तो दिसला. हे ठाऊक असलं की मोब्ली नुसता देखणा नायक राहत नाही.

पायरी ५: काचा आणि दारं

पहिल्यांदा पाहताना फक्त दोन गोष्टींवर नजर ठेवली तरी पुरे. बाकीचं आपोआप दिसतं.

पहिली गोष्ट काच. बातमीदारांच्या दालनात प्रमुखांच्या खोल्या काचेच्या भिंतींच्या आहेत. एक माणूस आत फोनवर बोलतोय, दुसरा पलीकडून त्याचे ओठ वाचतोय, तिसरा त्या दुसऱ्याकडे बघतोय. ऐकू कुणालाच येत नाही. लँग अनेक प्रसंगांत पुढं एक संभाषण ठेवतो आणि मागं काचेपलीकडं दुसरी हालचाल. संवाद चालू असताना मधूनमधून मागे बघायची सवय लावा. कोण कुणाच्या खोलीत शिरला, हे संवादांपेक्षा मागच्या काचेतून आधी कळतं. बातमी मिळवणं हा ज्यांचा धंदा, ती माणसं दिवसभर सगळ्यात बारकाईनं पाहतात ती शेजारच्या टेबलाला.

दुसरी गोष्ट दारं, आणि माझ्या मते हा चित्रपट खरा तिथंच आहे.

सुरुवातीला तो तरुण मुलीच्या दारावरच्या कुलपाचं बटण हळूच दाबून ठेवतो. आता दार ओढून घेतलं तरी कुलूप लागणार नाही, पुन्हा आत शिरता येईल. हा क्षण फार पटकन जातो. डोळ्यांत तेल घालून बघा, कारण काही वेळानं आपला नायक मोब्ली, जरा जास्त प्यायलेला, नॅन्सीच्या घरी जातो. ती त्याला बाहेर काढते. आणि बाहेर पडताना तो काय करतो? तेच बटण दाबतो. मग तसाच परत आत येतो. प्रसंग हलकाफुलका आहे, नॅन्सी चिडते आणि हसते, संगीतही खेळकर वाजतं. पण लँगनं तीच कृती, तशाच जवळून, दोन माणसांना करायला लावली आहे. एकाला आपण विकृत म्हणतो, दुसऱ्याला प्रियकर.

त्या दोघांत फरक नाही, असं चित्रपट म्हणत नाही. तो फरक किती आणि कुठं, हे तो प्रेक्षकाला मोजायला लावतो. मोब्ली पुढं जे करतो त्यामुळं ते मोजमाप आणखी अवघड होतं. (इथून पुढे कथानकाचा थोडा भाग उघड करतोय. न पाहिलेल्यांनी वाचन इथं थांबवून नंतर परत यावं.) मारेकऱ्याला बिळातून बाहेर काढण्यासाठी मोब्ली नॅन्सीशी ठरलेल्या लग्नाची बातमी छापून आणतो. म्हणजे ज्या बाईवर त्याचं प्रेम आहे, तिचा तो आमिष म्हणून वापर करतो. नॅन्सी हो म्हणते खरी. पण तिला विचारण्याची त्याची पद्धत बघा, आणि होकार मिळाल्यावर तो किती पटकन कामाला लागतो तेही बघा.

बाकीची दारंही मोजा. वॉल्टरच्या घरचं, क्रिट्झरच्या गुप्त घराचं, हॉटेलातल्या बारचं. कोण कुठं किल्लीनं शिरतं, कोण ठोठावतं, कोण न ठोठावता शिरतं. चित्रपटातला सगळ्यात तणावाचा प्रसंगही शेवटी एका दाराशीच घडतो.

पायरी ६: टीव्हीचा प्रसंग दोनदा पाहा

मोब्ली कॅमेऱ्यासमोर बसतो आणि थेट मारेकऱ्याशी बोलू लागतो. तू तरुण आहेस, तू अमुक वाचतोस, तू आईच्या पदराला धरून आहेस, असं एकेक लक्षण मोजत जातो. इकडं तो तरुण आपल्या खोलीत टीव्हीसमोर बसलाय आणि पडद्यातला माणूस त्याच्याकडेच बघतोय. आणि तो मोब्ली आपल्याकडेही बघत असतो, कारण तो थेट कॅमेऱ्यात बोलतोय.

१९५६ साली ही गोष्ट नवी होती. वर्तमानपत्र सगळ्यांसाठी छापलं जातं. टीव्हीवरचा माणूस मात्र प्रत्येकाला आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. लँगला त्यातली ताकदही दिसली आणि धोकाही. मोब्ली त्या तरुणाला डिवचतोय. त्यातून तो पकडला जाईल, किंवा आणखी एक मुलगी मरेल. मोब्लीला दोन्ही शक्यता ठाऊक आहेत.

पहिल्यांदा हा प्रसंग कथा म्हणून पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. फक्त दोन माणसं, दोन खोल्या आणि मध्ये एक काच दिसेल.

पायरी ७: जे खटकेल त्यावर फार थांबू नका

काही गोष्टी आज ओढूनताणून आणल्यासारख्या वाटतात. आईनं लाडावलेला, मुलगी हवी होती म्हणून मुलीसारखा वाढवलेला, म्हणून खुनी, हे मानसशास्त्र त्या काळात चलनी होतं. खुन्याच्या हातात भयकथांची चित्रमासिकं (कॉमिक्स) आहेत. त्यामागचं कारण १९५४ साली अमेरिकेत माजलेलं वादळ. चित्रमासिकांनी मुलं बिघडतात म्हणून सिनेटच्या समितीपुढं सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच नियमावली लादून घेतली. चित्रपट त्या वादात टिंगल करतोय की हो ला हो म्हणतोय, हे शेवटपर्यंत नीट कळत नाही. माझा कौल टिंगलीकडे.

बायकांबद्दलचे विनोद काही ठिकाणी अंगावर येतात. मात्र चित्रपट संपल्यावर हिशेब करून बघा, सगळ्या कचेरीत सौदा कुणाला कळतो? मिल्ड्रेडला. डोरोथी आणि मिल्ड्रेड समोरासमोर येतात तेव्हा पुरुषांची सगळी शर्यत पोरकट वाटायला लागते.

शेवटचा पाठलाग, रस्त्यावरून भुयारी रेल्वेत, ठीकठाक आहे. त्याच्यासाठी वाट पाहू नका.

पायरी ८: आता शिकागोला जा

चित्रपट चार्ल्स आइन्स्टाइन यांच्या १९५३च्या कादंबरीवर बेतला आहे. हे लेखक स्वतः वृत्तसेवेत काम केलेले पत्रकार, त्यामुळं तारेवरच्या बातम्यांची घाई कादंबरीत आणि पटकथाकार केसी रॉबिन्सनच्या पटकथेत खरी उतरली आहे. कल्पनेमागं मात्र एक खरं प्रकरण आहे.

डिसेंबर १९४५ मध्ये शिकागोत एका स्त्रीचा तिच्या घरात खून झाला आणि भिंतीवर लिपस्टिकनं लिहिलेलं सापडलं. देवासाठी मला पकडा, नाहीतर मी आणखी मारीन, मला स्वतःला आवरता येत नाही, असा त्याचा आशय. पुढच्याच महिन्यात सहा वर्षांच्या एका मुलीचं अपहरण करून तिला मारण्यात आलं आणि शहर हादरलं. शिकागोत तेव्हा पाच मोठी वर्तमानपत्रं एकमेकांच्या उरावर बसली होती. जून १९४६ मध्ये विल्यम हायरन्स हा शिकागो विद्यापीठात शिकणारा सतरा वर्षांचा मुलगा घरफोडीच्या संशयावरून पकडला गेला. पोलिसांनी त्याच्यावर तथाकथित ‘सत्य बोलायला लावणारं’ इंजेक्शनही वापरलं.

पुढचा भाग कुठल्याही पटकथेला लाजवणारा आहे. हायरन्सनं कबुली देण्याआधीच ‘शिकागो ट्रिब्यून’नं त्याच्या कबुलीची सविस्तर बातमी छापून टाकली. बाकीच्यांनी ती उचलली. त्यानंतर त्यानं मृत्युदंड टाळण्याच्या बदल्यात तीन खून कबूल केले आणि जन्मठेप घेतली. आपण जीव वाचवण्यासाठी कबूल केलं, असं तो पुढं मरेपर्यंत सांगत राहिला. मार्च २०१२ मध्ये वयाच्या ८३व्या वर्षी तो कैदेत असतानाच वारला. भिंतीवरचा तो मजकूर एखाद्या बातमीदारानंच लिहिला असावा, असा संशय आजही घेतला जातो.

आता चित्रपटातला भिंतीवरचा मजकूर आठवा. शिकागोत ‘मला पकडा’ होतं, लँगकडं ‘आईला विचारा’ आहे. खऱ्या प्रकरणातली सगळ्यात संशयास्पद गोष्ट, म्हणजे पत्रकारांचा हात, चित्रपटानं भिंतीवरून काढून कचेरीत नेऊन ठेवली.

पायरी ९: लँगचा ‘एम’ पाहा, आणि बेळगावचा एक दुवा

हा चित्रपट आवडला असो वा नसो, त्याच्या मागोमाग लँगचाच १९३१चा जर्मन चित्रपट ‘एम’ पाहाच. तिथंही शहर एका खुन्याच्या मागं आहे. बर्लिनमध्ये लहान मुलींना मारणाऱ्या माणसाला पोलीसही शोधतात आणि गुन्हेगारांच्या टोळ्याही, कारण पोलिसांच्या धाडींमुळं त्यांचा धंदा बसलाय. पंचवीस वर्षांनी अमेरिकेत लँगनं टोळ्यांच्या जागी पत्रकार आणले. धंद्याचं गणित तेच.

एक गोष्ट शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. ‘एम’मधला खुनी स्वतः वर्तमानपत्राला पत्र लिहितो, पोलिसांनी पहिलं पत्र छापलं नाही म्हणून. १९५६ साली उलटं होतं, माध्यमच खुन्याला साद घालतं.

‘एम’ची पटकथा लँगनं त्याची बायको थिया फॉन हार्बू हिच्यासोबत लिहिली. त्याच्या ‘मेट्रोपोलिस’ची पटकथाही तिचीच. १९३३ साली त्यांचा घटस्फोट झाला. लँगनं जर्मनी सोडली, हार्बू तिथंच राहिली. त्या काळात तिच्या आयुष्यात आलेला माणूस म्हणजे आयी तेंडुलकर, बेळगावकडचे, बर्लिनला शिकायला जाऊन तिथल्या वर्तमानपत्रांत लिहिणारे पत्रकार. दोघांनी गुपचूप लग्न केलं. पुढं तेंडुलकर भारतात परतले आणि बेळगावात मराठी वर्तमानपत्र चालवू लागले. त्यांच्या आणि इंदुमती गुणाजींच्या मुलीनं, लक्ष्मी धौल यांनी, ही हकीकत पुस्तकात लिहिली आहे. जर्मन सिनेमाच्या इतिहासात मराठी पत्रकार असा अचानक भेटतो, तेव्हा गंमत वाटते.

लँगही शेवटी भारतात आला. ‘व्हाइल द सिटी स्लीप्स’ आणि त्याच वर्षीचा ‘बियाँड अ रीझनेबल डाउट’ हे त्याचे शेवटचे अमेरिकी चित्रपट. मग तो जर्मनीला परतला आणि हार्बूच्याच जुन्या कादंबरीवर दोन भागांचा रंगीत चित्रपट केला, ज्याचं बरंचसं बाह्यचित्रण उदयपूरला झालं. तो १९५९ला आला. आपल्याला तो हसवेल. भारत त्यात राजे, वाघ आणि नर्तकी एवढाच आहे. ज्या माणसानं न्यूयॉर्कच्या एका कचेरीतला कावा इतका अचूक टिपला, त्याला उदयपुरात फक्त देखावा दिसला.

पायरी १०: पुढचे चित्रपट, या क्रमानं

आधी ‘द ब्लू गार्डिनिया’ (१९५३), लँगचाच. आपल्या हातून खून झाला असावा असं वाटणारी एक टेलिफोन ऑपरेटर, आणि वर्तमानपत्रातून ‘अनोळखी खुनी स्त्रीस’ जाहीर पत्र लिहिणारा स्तंभलेखक. मोब्लीचा टीव्हीचा डाव इथं कागदावर आधीच खेळून झालेला दिसतो. चित्रपट मध्यम आहे, पण ते पत्र पाहायलाच हवं.

मग ‘बियाँड अ रीझनेबल डाउट’. पुन्हा डॅना अँड्र्यूज, निर्माता तोच, बर्ट फ्रीडलॉब. निरपराध माणसाला मृत्युदंड होऊ शकतो हे सिद्ध करायला एक वृत्तपत्रमालक आणि एक लेखक खोटे पुरावे रचतात. ऐंशी मिनिटांत संपतो. याच्याबद्दल आणखी काहीही वाचू नका.

तिसरा बिली वायल्डरचा ‘एस इन द होल’ (१९५१). गुहेत अडकलेल्या माणसाची सुटका लांबवणारा बातमीदार. खुनी नाही, पण मृत्यू आहे आणि त्याच्यावर चाललेला बाजार आहे. काइनच्या कंपनीत हा सहज खपला असता. या चार चित्रपटांत सगळ्यात कडू हाच, म्हणून एकट्यानं रात्री पाहू नका.

शेवटी ‘झोडियाक’ (२००७), डेव्हिड फिंचरचा. सॅन फ्रान्सिस्कोचं ‘क्रॉनिकल’ हे वर्तमानपत्र, १९६८-६९ मधले खून, संपादकांना येणारी सांकेतिक पत्रं, आणि त्यात वर्षानुवर्षं गुंतत गेलेला एक व्यंगचित्रकार. इथल्या पत्रकारांना खुर्ची नको आहे, उत्तर हवंय, आणि त्यांची अवस्था काइनच्या माणसांपेक्षा वाईट होते. १५७ मिनिटांचा आहे, सुट्टीच्या दिवशी लावा. चित्रपटात न सुटलेल्या पत्रांपैकी ३४० चिन्हांचं एक सांकेतिक पत्र डिसेंबर २०२० मध्ये तीन हौशी लोकांनी मिळून सोडवलं. त्यात खुन्याचं नाव नव्हतं.